धुराची वाट

धुराला वाट दिली नाही, तर तो आपली वाट लावतो. ही म्हण कुठल्या कोशात सापडायची नाही. पण मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या स्वयंपाकघराची भिंत पाहिली की ती आपोआप सुचते. इतिहासकार ताम्रपट वाचतात, मी काजळी वाचतो. ताम्रपट राजाने लिहून घेतलेला असतो, म्हणून त्यात राजाची स्तुती. काजळी कुणाची भीड धरत नाही.

आता आपला बंबच घ्या. माझं आजोळ नांदेडचं. तिथे न्हाणीघराशेजारी तांब्याचा बंब असे. पोटातून उभी नळी, नळीभोवती पाणी, तळाला जाळी आणि जाळीखाली राखेचं तोंड. वरून ढलप्या टाकायच्या. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर निघते आणि तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा आत शिरते. नळी उंच, तितका ओढा जास्त. जाळ कमी हवा असेल तर खालचं तोंड थोडं बुजवायचं, वरचं मात्र मोकळं ठेवायचं. वरचं झाकलं की धूर उलट फिरून घरभर पाहुणा. हे शास्त्र आजोबांना पाठ होतं.

आणि त्याच घरात, दहा पावलांवर, आजीची चूल! तिला ना जाळी, ना राखेचं तोंड, ना धुराडं. होती एक फुंकणी. बंबात जे काम पदार्थविज्ञान करी, ते चुलीपाशी आजीची छाती करी. असं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा निष्कर्ष असा की, धुराडं कुठे बसवायचं हे धूर ठरवत नाही. घरात पहिली आंघोळ कोणाची, यावर ते ठरतं.

अगदीच काही नव्हतं असं नाही. लातूरकडच्या माळवदाला सानं असे. सानं म्हणजे छताला ठेवलेलं भोक. त्यातून उजेड खाली यायचा आणि वाऱ्याची मर्जी असली तर धूर वर जायचा. पावसाळ्यात सानं झाकलं की उजेड बाहेर आणि धूर आत, अशी वाटणी. मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती कोसळल्या आणि त्या मातीच्या जड माळवदांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर माळवदाखाली निजायची छाती कोणाला होणार? माळवदं गेली, त्यांच्याबरोबर सानीही गेली. आणि सिमेंटच्या स्लॅबला मुद्दाम भोक पाडा म्हटलं, तर गवंडी आपल्याकडे कसं बघतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

उपाय कोणाला सुचला नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. वर्ध्याच्या मगनवाडीची बिनधुराची मगन चूल होतीच. नांदेड-लातूर अजून हैदराबाद राज्यात होते तेव्हा, १९५३ साली, तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी गोरगरिबांच्या बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर चक्क पुस्तक लिहिलं. एका जाळावर ओळीने भांडी आणि शेवटी धुराडं, अशी त्यांची मातीची चूल. म्हणजे बंबाची अक्कल अखेर चुलीपर्यंत पोचली! पुढे १९८३च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच काढला. तो २००२पर्यंत चालला. आमच्या गल्लीतही तशा चुली आल्या. त्या बसवायला माणसं आली, फोटो काढायला आली. नळीतली काजळी काढायला कोणी आलं नाही. नळी तुंबली, धूर माहेरी परतला आणि बायकांनी पुन्हा फुंकण्या शोधल्या.

आता परवाची गोष्ट. लातूरला माझ्या पुतण्याने दोनशे लिटरचं रिकामं पिंप आणलं. आधी आत मोठा जाळ करून जुनं तेल आणि रंग जाळून टाकला. मग तळाशी सरकत्या झाकणांची तीन भोकं, झाकणावर नळी, बाजूला तापमापक. कशासाठी, तर कोंबडीला धुरी द्यायला! वेल्डिंगवाल्याकडे चार चकरा झाल्या. मग आमच्यापुढे त्याचं व्याख्यान सुरू झालं. "काका, वरची नळी मोकळी ठेवायची, जाळ खालच्या भोकांनी सांभाळायचा. आत हवा खेळली पाहिजे. धूर कोंडला की मांस कडू होतं. पांढरा दाट धूर नको, पातळ निळसर पाहिजे."

मी मान डोलावली. आजोबाच बोलताहेत असं वाटलं. आई शेजारी बाजेवर बसली होती. चुलीपुढे तिची चाळीस वर्षं गेलेली. तिने पिंपाकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, नळीतून सरळ आभाळात जाणारा धूर पदराने डोळे न पुसता पाहिला, आणि म्हणाली,

"कोंबडीचे डोळे चुरचुरू नयेत म्हणून का रे बाबा एवढं?"