वाकवलेल्या पान्याचा इतिहास

१९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशी मान्य करून केंद्र सरकारने जेव्हा असे ठरविले की, मोटारीचे भाग क्रमाक्रमाने याच देशात तयार करण्याची योजना ज्या कंपन्यांपाशी नाही त्यांनी जुळणीचे काम आवरते घ्यावे, तेव्हा मुंबईत १९२८ पासून गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने आणि फोर्डनेही काढता पाय घेतला, आणि परदेशी गाड्यांची आवक परवान्याच्या चिंचोळ्या दारातून होऊ लागली. या निर्णयाचे औद्योगिक परिणाम अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चिले आहेत. परंतु त्याचा एक परिणाम असा होता की ज्याची नोंद कोणत्याही सरकारी दफ्तरात सापडावयाची नाही: जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या एग्झॉस्ट मॅनिफोल्डखाली दडून बसलेला नट स्टड न मोडता कसा सोडवावा, या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाला एका विद्येची प्रतिष्ठा आली. विलायतेत स्टड मोडला तर दुसरा येत असे, मॅनिफोल्डला तडा गेला तर तोही येत असे. येथे मात्र संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या तबेल्यांतून उतरलेली, किंवा पुढे वकिलातींतून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली गाडी ही जवळजवळ एकुलती एक असल्यामुळे, मिस्त्रीच्या मनगटाची एक घाई मालकाला महिनोन्महिने पायी चालावयास लावू शके.

या नटांचा अवघडपणा दुहेरी असतो. इंजिनातून सुटणारे वायू शेकडो अंश तापलेले असतात. गाडी चालू झाली की मॅनिफोल्ड फुगतो, थांबली की आक्रसतो, आणि या नित्याच्या प्रसरण-आकुंचनात लोखंडी नट आणि स्टड यांच्या आट्यांमध्ये गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते, म्हणून तो आट्यांत पाचरीसारखा बसतो. त्यात ठाण्याची खाडी, उल्हास नदीचे खारे मुख आणि चार महिन्यांचा कोकणी पाऊस यांची भर पडली, म्हणजे एकच गाडी पुण्याच्या कोरड्या हवेत ठेवली असता जितकी गंजेल त्याहून कितीतरी अधिक ती कळवा-डोंबिवलीच्या पट्ट्यात गंजते. हा झाला रसायनाचा अवघडपणा. दुसरा आहे जागेचा. स्पोर्ट्स गाडीचे बॉनेट बुटके आणि अरुंद ठेवण्यात कारागिराने जे सौंदर्य साधलेले असते, त्याची किंमत खाली हात घालणाऱ्याला मोजावी लागते: एका अंगाला चॅसीची पट्टी, दुसऱ्या अंगाला कार्ब्युरेटर, वर मॅनिफोल्डचाच बाक, आणि यांच्या मधोमध तो नट, जो बोटांना लागतो पण डोळ्यांना दिसत नाही.

त्यावर पुन्हा मापांचा घोळ. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडात आट्यांचे पहिले प्रमाण घालून दिले, त्यातून बारीक आट्यांची ब्रिटिश मालिका निघाली, आणि १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटे स्वीकारले; परिणामी युद्धापूर्वीच्या आणि युद्धानंतरच्या दोन इंग्रजी गाड्यांना एकच पाना लागेना. १९४५ ते १९४९ या काळात निघालेली एम.जी. टी.सी. ही तर या घोळाची परिसीमा होय. तिच्या इंजिनाच्या कुळाचे मूळ कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कारखान्यात होते. मॉरिसने १९२३ साली तो विकत घेतला तेव्हा तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती, ती तशीच राहिली, आणि इंग्लंडातील पाने चालावेत म्हणून नटबोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची ठेवण्यात आली. म्हणजे पाना इंग्रजी, आटा फ्रेंच! इकडे भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती पत्करली, आणि आपल्या फियाट गाड्या मुळापासूनच मेट्रिक होत्या. त्यामुळे ज्याला सर्व प्रकारच्या गाड्या घ्यावयाच्या असत त्या मिस्त्रीच्या पेटीत तीन मापांचे तीन संच, आणि त्यांपैकी कोणताही न बसणाऱ्या नटासाठी कानस, अशी तयारी लागे.

ठाणे-कल्याणच्या मुलुखात ही विद्या रुजावी याला स्थानिक कारणे होती. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी ठाण्यास आली, पुढल्या वर्षी कल्याणास पोहोचली, आणि कल्याणच्या लोको शेडमुळे तापलेल्या लोखंडाशी झुंजणारे फिटर या भागात पिढ्यान्पिढ्या राहत आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना येथून लोकलच्या प्रवासाइतका जवळ होता, आणि पुढे त्याच कंपनीने डोंबिवलीच्या शीळ रस्त्याकडे दुसरा कारखाना उभारला. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आणि १९६२ साली स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ यांच्यामागोमाग वागळे इस्टेटीत व डोंबिवलीत लहानमोठ्या कारखान्यांची जी दाटी झाली, तिच्यातून टर्नर, फिटर, टूलरूममधील कारागीर असा एक वर्ग तयार झाला, की ज्याला पोलादाला पाणी चढविणे ठाऊक होते. शहरातला गॅरेजवाला उस्ताद आणि हा कारखान्यातला कारागीर हे बहुधा एकाच वस्तीत राहत. आणि जो पाना जगातल्या कोणत्याही दुकानात विकत मिळत नव्हता, तो या शेजारातून घडला.

त्या पान्याची घडण अशी. एक जुना रिंग पाना घ्यावयाचा, त्याचे तोंड ग्राइंडरवर घासून पातळ करावयाचे, दांडा गॅसवर लाल करून जागेच्या वळणाप्रमाणे वाकवावयाचा, आणि तापविल्यामुळे गेलेले पाणी पुन्हा चढवावयाचे, नाहीतर जोर दिल्याबरोबर दांडा मेणासारखा वळतो. कोठे दांडा अर्धा कापून बुटका करीत, कोठे गोटीची (सॉकेटची) उंची कापून ती बसकी करीत; युनिव्हर्सल जोड लावून लांबून फिरविता येई खरे, पण कोन फार झाला की गोटी नटावरून घसरे आणि त्याचे कोपरे गोल होत. उघड्या तोंडाच्या पान्याचीही एक खुबी होती. त्याचे तोंड दांड्याशी १५ अंशांचा तिरपा कोन करून असते. म्हणून प्रत्येक खेपेस पाना उलटा करून लावला, तर दांड्याला जेमतेम ३० अंश फिरावयास जागा असली तरी षट्कोनी नट पुढे सरकत राहतो. अडचणीच्या जागेत ज्याने काम केले नाही त्याला त्या तिरपेपणाचे मर्म कळणे कठीण.

पाना बसला म्हणजे काम झाले असे नव्हे. आदल्या संध्याकाळी घासलेट आणि तेल आट्यांत मुरत ठेवावयाचे. सकाळी नट प्रथम सोडविण्याऐवजी किंचित आवळावयाचा, म्हणजे गंजाचा कणा मोडतो, आणि मग मागे-पुढे, मागे-पुढे करीत त्याला बाहेर आणावयाचे. तरीही न हलल्यास गॅसची ज्योत नटावर धरावयाची, कारण आधी तापलेला नट आतल्या स्टडापेक्षा अधिक फुगतो. आणि तो निवत असता त्याच्या कडेला मेण टेकविले की ते वितळून आट्यांत शिरते. इतके करूनही स्टड मोडलाच, तर उरलेल्या बुडख्यावर दुसरा नट वेल्ड करून त्याच्या उष्णतेनेच तो सोडविण्याचा शेवटचा उपाय होता. परत बसविताना मात्र जाणता मिस्त्री लोखंडी नट न लावता पितळी लावी. पितळ गंजत नाही आणि पोलादाहून अधिक प्रसरण पावते, म्हणून ते पुढच्या खेपेस अडत नाही. एम.जी.बी.सारख्या गाड्यांच्या नळीच्या जोडाला विलायती कारखान्यानेच पितळी नट दिले होते. येथे तो धडा पुष्कळांना अनुभवातून मिळाला.

१९९० नंतर या व्यवसायाची कारणपरंपराच बदलली. प्रीमियरच्या डोंबिवलीच्या कारखान्यात काही काळ प्युजो ३०९ निघाली आणि तो प्रयोग अल्पायुषी ठरला. नव्या शतकाच्या आरंभी त्याच कंपनीच्या पद्मिनी गाडीचेही उत्पादन थांबले. आयातीचे निर्बंध सैल झाल्यावर पातळ तोंडाचे, लवचीक मानेचे पाने घरपोच मिळू लागले. ज्या टंचाईने ही विद्या जन्मास घातली ती ओसरल्यावर विद्याही ओसरावी, हे तर्काला धरूनच होते. तथापि जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्ही.ए.’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली आणि तिच्यासाठी अट घातली की, गाडीच्या मूळ बांधणीत मोठा फेरफार झालेला नसावा. मूळचे इंजिन आणि त्याचा मूळचा मॅनिफोल्ड यांना आता बाजारात मूल्य आहे, आणि ते अभंग राखावयाचे तर कापून काढणाऱ्यापेक्षा सोडवून काढणाऱ्याची गरज अधिक. पूर्वी दुसरा भाग मिळत नव्हता म्हणून जे कौशल्य लागे, तेच आता दुसरा भाग चालत नाही म्हणून लागते. परवान्याच्या राज्याने जे सक्तीने शिकविले, त्याला हौसेच्या राज्यात नवे गिऱ्हाईक मिळाले आहे.