नवे शहर, संस्था आणि आर्थिक विकास : नवी मुंबईचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
नवे शहर वसविले की आर्थिक विकास आपोआप होतो, असा एक समज नियोजनाच्या क्षेत्रात दीर्घकाळ रूढ आहे. इतिहासाचा आधार घेतला असता हा समज अपुरा ठरतो. रस्ते, भूखंड व इमारती म्हणजे शहराचा केवळ सांगाडा होय. त्यात प्राण भरतात त्या बाजारपेठा, वाहतूक व्यवस्था, बंदरे व प्रशासकीय यंत्रणा, म्हणजेच संस्था. या संस्था कोणत्या क्रमाने आल्या आणि त्यांच्यामुळे निर्माण झालेल्या संपत्तीत कोणाला वाटा मिळाला, या दोन प्रश्नांच्या आधारे नवी मुंबईच्या जडणघडणीचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पनेची पार्श्वभूमी :
स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई बेटावरील लोकसंख्या व उद्योगांचा भार असह्य होऊ लागला. १९५८ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडच्या मुख्य भूमीवर वस्ती वाढविण्याची शिफारस केली. १९६६ मधील गाडगीळ समितीच्या अहवालाने नियोजित विकेंद्रीकरणाचा पुरस्कार केला. याच सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर उभारण्याची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये ‘सिडको’ची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौ. कि.मी. क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित करण्यात आले.

जमीन हेच भांडवल :
या प्रयोगाचे अर्थशास्त्र साधे होते. शेतजमीन संपादित करावयाची, तिचा विकास करून ती विकावयाची आणि वाढलेल्या किमतीतून पुढील सुविधांचा खर्च भागवावयाचा. शासकीय अनुदानावर फारसे अवलंबून न राहता शहर उभारण्याचा हा मार्ग होता. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे मानखुर्द-वाशी-बेलापूर रेल्वेमार्ग. त्याच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने व उर्वरित रेल्वेने उचलला. जमिनीचे मूल्य रेल्वेमुळे वाढते आणि त्याच मूल्यातून रेल्वे उभी राहते, असे हे चक्र होते.

संस्थांचे आगमन व शहराची गती :
तथापि पहिली दोन दशके ही गती मंदच राहिली. राज्य शासनाची प्रमुख कार्यालये खाडीपलीकडे जातील व त्यामागोमाग खाजगी कचेऱ्या येतील, ही मूळ योजनेतील अपेक्षा होती. बेलापूरला कोकण भवन उभे राहिले, परंतु मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिले. नरिमन पॉइंटच्या भरावावर उंच इमारती उभ्या राहतच होत्या, तर पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाचा विकास हाती घेण्यात आला. एका हाताने विकेंद्रीकरण आणि दुसऱ्या हाताने केंद्रीकरण, असा हा विरोधाभास होता.

शहराला खरी चालना मिळाली ती अन्य संस्थांमुळे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आधीच अस्तित्वात होता. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला. मुंबईतील घाऊक बाजार १९८० व १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला हलविण्यात आले. त्यांच्याबरोबर व्यापारी, अडते, माथाडी कामगार व मालवाहतूकदार आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. मे १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत धावू लागली आणि त्याच वर्षी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाखांवर गेल्याचे दिसते. आराखडा १९७० च्या दशकातील असला तरी शहराची भरभराट १९९० नंतरची आहे, हे येथे लक्षणीय ठरते.

विकासाची किंमत :
या भूमीवर भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर जगणारा आगरी-कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत होता. जमिनीची विकासोत्तर किंमत हे शहराचे भांडवल असले, तरी मूळ मालकाला मिळालेला मोबदला विकासपूर्व किमतीचा होता. शिवाय कूळ, शेतमजूर व मच्छीमार यांच्या नावे सातबारा नसल्याने त्यांच्या उपजीविकेचे मोल हिशेबात फारसे धरलेच गेले नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या असंतोषाने आंदोलनाचे रूप घेतले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात झालेल्या पोलिस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. या लढ्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व मान्य झाले व १९९० च्या दशकात ते अमलात येऊ लागले.

या योजनेचे महत्त्व केवळ पुनर्वसनापुरते मर्यादित नाही. विस्थापित हा नुकसानभरपाईचा याचक नसून शहरनिर्मितीतील भागीदार आहे, हे तत्त्व तिने प्रस्थापित केले. मात्र ते नियोजनकर्त्यांच्या दूरदृष्टीतून नव्हे, तर संघर्षातून आले, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे. पुढे २०१३ मध्ये विमानतळ प्रभावक्षेत्राच्या नियोजनाची जबाबदारी सिडकोकडे आली, तेव्हा सक्तीच्या संपादनाऐवजी नगररचना योजनांद्वारे जमीनमालकांच्या सहभागाचा मार्ग स्वीकारण्यात आला, ही बाब या दृष्टीने सूचक आहे.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, नव्या शहराच्या आर्थिक विकासाचा वेग आराखड्याच्या भव्यतेवर नव्हे, तर रोजगार देणाऱ्या संस्था प्रत्यक्षात केव्हा व कोणत्या क्रमाने येतात, यावर अवलंबून असतो. दुसरा असा की, भूमूल्यावर आधारित विकासात वाटपाचा प्रश्न आरंभीच सोडविला नाही, तर त्याची किंमत समाजाला पुढे मोजावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतूचे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्याने या परिसरात भूमूल्यवाढीचे नवे पर्व सुरू झाले आहे. त्या वाढीचे वाटेकरी कोण, हा १९८४ चा प्रश्न म्हणूनच आजही तितकाच प्रस्तुत आहे.