टू-स्ट्रोकचं तेल : पंपावरच्या सुट्ट्या मापापासून बाटलीवरच्या अक्षरांपर्यंत

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात जुनी राजदूत, येझ्दी, आरएक्स हंड्रेड किंवा चेतक असेल तर शेवटपर्यंत वाचा.

अशी गाडी रस्त्यावर निघाली की लोक वळून बघतात, फोटो काढतात. धूर दिसला की 'टू-स्ट्रोक आहे, चालायचंच' म्हणून सोडून देतात. पण तो निळसर-पांढरा धूर मुख्यतः तेलाचा असतो. आणि हे तेल कसं विकायचं, याचा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लागलाय.

आधी इंजिन समजून घेऊ. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत इंजिन ऑइल आतल्या आत फिरत राहतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रणच क्रँककेसमधून वर जातं. त्यामुळे क्रँकच्या बेअरिंगला आणि पिस्टनला लागणारं तेल त्या मिश्रणाबरोबरच आत जातं. काम झालं की ते जळतं किंवा अर्धवट जळून सायलेन्सरमधून बाहेर पडतं. म्हणजे आपण जे तेल ओततो, ते शेवटी गावाच्या हवेतच जातं.

आपल्याकडे या गाड्यांचा काळ साठच्या दशकात सुरू झाला. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाची जावा इथे आणली, पुढे १९७३ पासून तीच येझ्दी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत मूळ पोलंडच्या गाडीवर बेतलेली. १९७२ च्या सुमारास आपल्या महाराष्ट्रातून चेतक आणि लूना आल्या नि टू-स्ट्रोक घराघरात पोचली. त्या काळी टू-स्ट्रोकचं खास तेल सगळीकडे मिळत नसे. साधं एसएई ३० किंवा ४० ग्रेडचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचे. ते नीट जळत नाही म्हणून कार्बन धरायचा, आणि बेअरिंगही त्या काळातले, म्हणून प्रमाण जास्त. जावासारख्या जुन्या गाड्यांना २० ते २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल, म्हणजे लिटरला ४० ते ५० मिली. नंतरच्या स्कूटरना २ टक्के पुरू लागलं, म्हणजे लिटरला फक्त २० मिली.

शर्यतवाले तर एरंडेल वापरायचे. हो, आजीच्या हातचं तेच एरंडेल! 'कॅस्ट्रॉल' हे नावच कॅस्टर म्हणजे एरंडीवरून आलंय. प्रचंड उष्णतेतही त्याचा थर टिकतो. पण मागे चिकट राळ उरते, आणि साध्या खनिज तेलात ते नीट मिसळत नाही. रोजच्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

आता पंपावर या. पेट्रोल भरलं की डब्यातून सुटं तेल मापाने ओतलं जायचं. तेल कुठलं, कोणी विचारायचं नाही. कधी स्वस्त इंजिन ऑइल, कधी वापरलेलं तेल गाळून पुन्हा विकलेलं. वर 'थोडं जास्त टाक रे' हे मालकाचं सांगणं. रिक्षावाले, स्कूटरवाले सगळ्यांचा समज एकच : जास्त तेल म्हणजे इंजिन सुरक्षित.

हा समज उलटा आहे. तेल वाढलं की त्याच मिश्रणात पेट्रोल तेवढं कमी जातं आणि इंजिन उलट जास्त तापू शकतं. प्लग काळा होतो, सायलेन्सर कार्बनने बुजतो, गाडी ओढत नाही.

दिल्लीची हवा बिघडली तेव्हा हा विषय कोर्टात गेला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये आदेश दिला. ३१ डिसेंबर १९९८ पर्यंत दिल्लीच्या पंपांवर सुटं टू-टी ऑइल बंद, आणि तेल मापात मिसळूनच देणारी यंत्रं बसवायची. १९९९ पासून कमी धुराच्या तेलाचा दर्जाही ठरला. मालकाच्या अंदाजावर सोडलेली गोष्ट नियमात आली.

आज मग काय घ्यायचं?

पेट्रोलमध्ये : बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी आणि एपीआय टीसी ही अक्षरं बघा. एफसी कमी धुराचं, एफडी त्याहून जास्त स्वच्छ ठेवणारं. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेतलं घ्या. जुन्या बेअरिंगच्या गाडीला कुणाचं ऐकून एकदम ५० ला १ वर आणू नका, तेल कमी पडून पिस्टन जाम होईल. फोर-स्ट्रोकचं ऑइल टाकीत नको, त्यातली रसायनं जळून प्लगवर राख धरते. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. कोकणातल्या मित्राने दिलं तरी हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलला ते नको.

गिअरबॉक्समध्ये : हे तेल वेगळं, ते जळत नाही. त्यातच क्लच बुडालेला असतो, म्हणून पुस्तिकेतल्या ग्रेडचं, जासो एमए लिहिलेलं तेल घ्या. कारचं नवं पातळ तेल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

आरएक्सवाल्यांसाठी खास : यामाहाने १९६४ मध्ये ऑटोल्यूब पंप आणला. गाडी जेवढी पळेल, तेवढंच तेल तो देतो. आपल्याकडे बरेचजण हा पंप काढून टाकीतच तेल ओततात. पंप चांगला असेल तर दुरुस्त करून वापरा. काढलाच असेल तर मोजून मिसळा, अंदाजाने नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली जावा आता सरकारदरबारीही वारसा ठरू शकते. पण वारसा जपायचा तर शेजाऱ्यांनी तो सहन केला पाहिजे. चौकातला ट्रॅफिक हवालदार, पंपावरचा पोरगा, मागे सायकलवर शाळेत जाणारी मुलगी यांच्या नाकात जाणारा धूर वाढला, तर उद्या एखादा नियम या गाड्या रस्त्यावरून कायमच्या उतरवेल. तेव्हा आपल्या बाजूने कोणी बोलणार नाही.

मोजायचं माप वीस-तीस रुपयांना मिळतं. ते टूलबॉक्समध्ये ठेवा.

तुमच्याकडे कोणती गाडी आहे आणि पुस्तिकेत तेलाचं प्रमाण किती दिलंय, खाली लिहा. जुनी पुस्तिका असेल तर त्या पानाचा फोटो टाका, गावातल्या बाकीच्या मालकांना उपयोग होईल.