निजामशाही मुलूख : भूमि, उत्पन्न व राज्यरचना

निजामशाहीचा इतिहास म्हणून जें सामान्यतः लिहिलें जातें, त्यांत लढाया, तह आणि खून यांचीच गर्दी असते. याचा दोष साधनांकडे जातो. फिरिस्ता व ‘बुर्‍हान-इ-मआसिर’चा कर्ता सय्यद अली तबातबा हे दोघेही दरबारांत वावरलेले लेखक; त्यांची दृष्टि तख्तावरून फारशी हालत नाहीं. हें राज्य कोणत्या मुलखावर उभें होतें, त्या मुलखांत काय पिकत असे, पिकाचा कितवा हिस्सा सरकारांत जाई आणि तो वसूल करून आणणारा माणूस कोण, हे चार साधे प्रश्न त्यांस विचारले असतां उत्तर तुटक मिळतें. अबुल फजलाच्या ‘ऐने अकबरी’ंत वऱ्हाड व खानदेश या सुभ्यांचीं कोष्टकें आहेत. खास अहमदनगर मुलखाचें कोष्टक नाहीं. तेव्हां तें आपणांसच जमिनीकडे पाहून व गांवोगांवच्या दप्तरांवरून जुळविलें पाहिजे. प्रस्तुत लेख ही त्या कामाची केवळ आंखणी होय.

प्रथम भूमि. हल्लींचा अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून याचें नांव अहिल्यानगर) क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा असून त्याचा विस्तार १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्या ४५,४३,१५९ भरली. पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रि कळसूबाईच्या शिखराशीं ५,४०० फूट उंच होतो. तेथें पर्जन्य अपार. परंतु त्या भिंतीच्या पूर्वेस दोन मजला चालून आलें कीं आभाळ कोरडें पडतें. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,१०० फुटांवर, पर्जन्यछायेच्या ऐन मध्यावर वसलेलें आहे. प्रवरा व मुळा या घाटमाथ्याचें पाणी घेऊन गोदेस मिळतात. सीना मात्र नगरच्याच उघड्या माळांतून निघून दक्षिणेस भीमेकडे जाते व उन्हाळ्यांत तिचें पात्र वाळूचेंच असतें. या मुलखाचें अन्न म्हणजे खरिपाची बाजरी व रब्बीची ज्वारी. आज प्रवरेच्या खोऱ्यांत उसाचे मळे पाहून जे त्या काळच्या समृद्धीचें अनुमान करितात ते चुकतात. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० चा. निजामशहास हें खोरें ठाऊक होतें तें विहिरीच्या व पाटाच्या पाण्याचें, आणि पुष्कळसें जिराईत.

अशा माळावर राजधानी कां केली, याचें उत्तर फिरिस्ता देतो, आणि त्याच्या ग्रंथांतील हा भाग आम्हांस इतर कित्येक लढायांच्या वर्णनांपेक्षां मोलाचा वाटतो. मलिक अहमद १४९० त स्वतंत्र झाला तेव्हां त्याचें ठाणें जुन्नर होतें. दौलताबादचा किल्ला बळानें हातीं येईना. तेव्हां जुन्नर व दौलताबाद यांच्या अधल्या मध्यावर, भिंगारनजीक सीनेच्या कांठीं, १४९४ त त्यानें नवें शहर वसविलें. हेतु असा कीं, दरवर्षीं पीक कापणीस आलें म्हणजे तेथून फौज निघावी व दौलताबादच्या आसपासचें उभें धान्य लुटावें अथवा जाळावें. १४९९ त किल्ला आला. म्हणजे अहमदनगर शहराचा जन्मच सुगीच्या हिशेबांतून झाला. पुढें त्याच शहरास पाणी पुरविण्यासाठीं कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळ आणावे लागले, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. जागा निवडली ती फौजेच्या सोयीची, पाण्याची नव्हे.

राज्याचा विस्तार पाहतां, पश्चिमेस घाटाखालीं उत्तर कोंकण व चौल बंदर, उत्तरेस खानदेशचे फारुकी, दक्षिणेस विजापूर, पूर्वेस पाथरी व वऱ्हाडाकडे इमादशाही. १५७४ त मूर्तजा निजामशहानें वऱ्हाडही गिळलें व राज्य आपल्या कमाल सीमेस पोंचलें. घोडा हा दक्षिणी फौजेचा प्राण, आणि तो अरबस्तानांतून समुद्रमार्गें येई. म्हणून चौलास महत्त्व. परंतु चौलानजीक रेवदंड्यास पोर्तुगीज बसलेले. १५७०-७१ त मूर्तजानें त्यांस वेढा घातला, तो फसला. समुद्राची किल्ली परक्याच्या हातीं राहिली ती राहिलीच.

पूर्वदक्षिणेस सोलापूर. येथें साडेपांच परगण्यांचें प्रकरण आहे. १५२४ त बुऱ्हाण निजामशहाचा विवाह विजापूरच्या मरियमशीं सोलापुरास झाला. सोलापूर आंदणांत मिळावयाचें होतें, तें मिळालें नाहीं, आणि त्यावरून दोन्ही राज्यें पिढ्यान्‌पिढ्या लढत राहिलीं. अखेर हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी विजापुरास दिली तेव्हां तेंच सोलापूर उलट आंदण म्हणून गेलें. इतिहासकार यास मानापमानाचा तंटा म्हणतात. आमचें मत निराळें आहे. भीमा-सीनेच्या दुआबांतील काळी जमीन परतीच्या पावसावर रब्बीची ज्वारी देते. ज्या वर्षीं नगरच्या माळावर बाजरी करपते त्या वर्षींही ती बहुधा हातास लागते. ज्याचा निम्मा मुलूख मृगाच्या भरंवशावर आहे त्यास असे साडेपांच परगणे म्हणजे पेवांतलें धान्य होय. त्यासाठीं चाळीस वर्षें लढणें वेडेपणाचें नव्हतें.

राज्यरचनेविषयीं थोडक्यांत. वर सुलतान, त्याचा पेशवा व वजीर, मग मोकासदार व किल्लेदार. खालीं परगण्यास देशमुख व देशपांडे, गांवास पाटील व कुलकर्णी. वरचा थर वरचेवर बदले. दक्खनी व परदेशी यांच्या वैरांत कित्येक वजीर मेले. खालचा थर ढळला नाहीं. या राज्याचा खालच्या थराशीं संबंध मुळापासूनचाच आहे. फिरिस्ता म्हणतो, मूळ पुरुष पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या कुळांतला. ‘बहरी’ हें उपपद ‘बहिरव’ या नांवावरून आलें. बुऱ्हाणानें पाथरीसाठीं इमादशहाशीं युद्ध केलें त्याचें कारणही तो हेंच देतो. बुऱ्हाणाचा एक पेशवा कंवरसेन ब्राह्मण होता. निजामशहाच्याच पदरीं असलेल्या दलपतीनें ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्रावरील विस्तृत संस्कृत निबंध रचला, हें आमच्यासारख्या शास्त्राभ्यासकांस सांगावयास नको. ज्या राज्यांत फार्सी वजीर मरतो आणि मोडी लिहिणारा कुळकर्णी राहतो, त्याचा खरा इतिहास मोडींतच असणार.

आतां उत्पन्न. १६०० च्या ऑगस्टांत किल्ला मोंगलांकडे गेल्यावर मलिक अंबरानें राज्य पुन्हां उभें केलें. प्रथम परिंडा, मग जुन्नर, मग १६१० त वसविलेली खडकी. राजधानी फिरती, शत्रु दरसाल दारांत, फौजेस रोख पगार पाहिजे. अशा स्थितींत त्यानें इजारा मोडून जमिनीची प्रत व पीक पाहून धारा ठरविला. ग्रँट डफाच्या म्हणण्याप्रमाणें प्रथम ऐनजिनसी पिकाचे दोन पंचमांश, नंतर त्याऐवजीं रोख सुमारें एक तृतीयांश. मिरासदाराचा हक्क त्यानें राखला. यांत दया किती व हिशेब किती हा वाद व्यर्थ आहे. जो शेतकरी गांव सोडून जाणार नाहीं तोच पुढील वर्षीं धारा देईल, एवढें अंबर जाणून होता. पाण्याचा उपयोगही तो जाणून होता. १६२४ त भातवडीस त्यानें तळ्याचें पाणी सोडून शत्रूच्या वाटा चिखलांत घातल्या.

परंतु या पद्धतीचीं वर्णनें बहुतेक उत्तरकालीन आहेत. तिचा प्रत्यक्ष पुरावा सांपडावयाचा तर पुढील मराठी अमदानींतील गांवच्या जमाबंदींत ‘तनखा’ म्हणून जो जुना आंकडा ‘कमाल’ाच्या शेजारीं मांडलेला असतो, त्यांत. हा आंकडा कित्येक ठिकाणीं अंबराच्या धाऱ्यापर्यंत मागें नेतां येईल. आणि येथेंच आमची संग्राहकांकडे तक्रार आहे. शिक्कामोर्तबाचें फर्मान मिळालें कीं तें चौकटींत जातें. त्याच रुमालांतील ताळेबंद, लावणीपत्रक, बाकीझाडा, बलुत्याची याद हीं ‘किरकोळ’ म्हणून वेगळीं पडतात. फर्मानावरून इनाम कोणास दिलें तें कळेल. गांवांत किती चाहूर जमीन, किती पडीत, किती मोटस्थळ, हें कळावयाचें तें त्या किरकोळांतच. असे रुमाल फोडून विकलेले आम्हीं पाहिले आहेत. एकदां पानें विखुरलीं म्हणजे तनख्याचा आंकडा कोणत्या गांवचा हें सांगावयास कोणी उरत नाहीं. निदान रुमालाचा मूळ क्रम व कुळकर्ण्याच्या गांवाचें नांव लिहून ठेवण्यास खर्च पडत नाहीं.

या कागदांवरील कालगणनाही याच मुलखाची साक्ष देते. निजामशाही मराठी पत्रांवर सुहूर सन असतो. त्यांत ५९९ अथवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. हें वर्ष सूर्य मृग नक्षत्रीं जातांच बदलतें, म्हणून त्यास मृगसाल म्हणत. किल्ला पडला तें वर्ष ‘इहिदे अलफ’, म्हणजे १००१. यावरून व्यवहारांत एक सावधगिरी निघते: वैशाखांतलें पत्र व आषाढांतलें पत्र एकाच इसवी सालचें असलें तरी सुहूर सनाचे आंकडे निरनिराळे येतात, आणि हिशेबाच्या कागदांवर जो सन आहे तो एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतच्या पिकाचा आहे.

१६२६ त अंबर वारला. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानें मुलूख ओसाड केला, १६३३ त दौलताबाद गेलें, आणि शहाजीराजांनीं बालराजाच्या नांवें चालविलेला प्रयत्न १६३६ त संपला. त्यानंतर मोंगली अंमलांतील कागदांवर फसली सन दिसूं लागतो. त्यांत ५९० अथवा ५९१ मिळवावे लागतात. मराठ्यांनीं आपल्या दप्तरांत सुहूर सनच पेशवाईअखेरपर्यंत चालू ठेविला. तेव्हां नगर प्रांतांतील एकाच गांवच्या दोन पत्रांवर एकांत सुहूर व दुसऱ्यांत फसली आढळल्यास तीं पत्रें वेगळीं करूं नयेत. त्या गांवीं वसूल कोणाकडे जात होता, व तनख्याचा जुना आंकडा नव्या धन्यानें कायम ठेविला कीं बदलला, हें दोन्ही पत्रें शेजारीं ठेवूनच ठरेल.