चोळण्याकडून लावण्याकडे

अंघोळीविषयी बोलताना मराठी माणूस दोन क्रियापदे वापरतो. साबण ‘लावायचा’ असतो आणि अंग ‘चोळायचे’ असते. आज ही दोन्ही क्रियापदे एकाच कृतीची वाटतात, पण त्यांची वये फार वेगळी आहेत. चोळणे कितीतरी जुने. लावणे, म्हणजे एखादा तयार पदार्थ अंगावरून फिरवून पाण्याने घालवणे, घराघरांत रूढ होऊन जेमतेम शंभर वर्षे झाली. साबण हाताने लावावा, कापडाने, घोसाळ्याच्या शिरेने की नायलॉनच्या जाळीदार गोळ्याने, हा प्रश्न आज बाजारातल्या निवडीचा वाटतो. खरे पाहता जुन्या अंघोळीत हाच मुख्य प्रश्न होता आणि पदार्थाचा क्रम त्याच्या मागून येत असे. साबणाने हा क्रम उलटा केला आणि त्यात अंघोळीतले एक ज्ञान आपल्या हातून सुटले, असे माझे म्हणणे आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयातला दिनचर्येचा अध्याय पाहा. तिथे आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन आणि त्यानंतर स्नान असा क्रम येतो. उद्वर्तन म्हणजे चूर्णाने अंग घासणे. कफ कमी होणे, मेद विरघळणे, अवयव घट्ट होणे, त्वचा उजळणे हे सारे गुण तिथे त्या घासण्याच्या खाती मांडलेले आहेत. या उद्वर्तनापासूनच प्राकृतातल्या ‘उव्वट्टण’मार्गे आपले ‘उटणे’ आले. म्हणजे आज आपण ज्याला पुडीतला पदार्थ समजतो, ते मुळात एका क्रियेचे नाव आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लासात स्नानाला राजाच्या उपभोगांत स्वतंत्र जागा दिली, तिथेही तेलाचे मर्दन हा स्नानाचाच भाग आहे. महानुभावांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या दिनक्रमात मर्दना हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. आणि ग्रंथ बाजूला ठेवले तरी बोली भाषा पुरेशी साक्ष देते. बाळाला आपण नुसते न्हाऊ घालत नाही, न्हाऊ-माखू घालतो.

घरातला व्यवहारही हेच सांगतो. तान्ह्या बाळाच्या अंगावरून तेलात भिजवलेला कणकेचा गोळा फिरवतात, डाळीचे पीठ, हळद आणि साय लावून अंग पुसून काढतात. लग्नात हळद लागते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात. त्या विधीचे नावच खांदेमळणी. वर्षभर ओढलेल्या जुवाची कृतज्ञता शेतकरी तळहाताने पोहोचवतो. नरकचतुर्दशीला पहाटे आधी तेल जिरवायचे, मग नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद यांचे उटणे. टाचांसाठी वज्री. ती कधी भाजलेल्या मातीची साधी ठिकरी, तर कधी वर पक्षी किंवा प्राणी आणि खाली खरखरीत तळ असलेली पितळी ओतीव वस्तू. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वज्री पाहायला मिळतात. ज्या समाजाने पाय घासायच्या वस्तूवर कारागिराची इतकी मेहनत खर्च केली, त्याच्या लेखी घासणे ही किरकोळ बाब नव्हती. वेलीवर जून होऊन वाळलेल्या घोसाळ्याची शीर तर फुकटातली घासणी होती.

यावर कोणी म्हणेल की पूर्वीही मळ काढणारे पदार्थ होतेच; रिठा आणि शिकेकाई यांचा फेस येतो, तो त्यांतल्या सॅपोनिनमुळे, म्हणजे ते निसर्गातले साबणच. हे बरोबर आहे, पण त्यांचा मुख्य वापर केसांसाठी, आणि रिठ्याचा रेशमी वस्त्रे व दागिने धुण्यासाठी होता. अंगाला लागे ते डाळीचे पीठ. पीठ तेल शोषून घेते, त्याचे बारीक कण मळ सैल करतात, पण ते नुसते लावून धुतले तर फारसे काही घडत नाही. पीठ अर्धवट सुकत आले की चोळायचे, तेव्हा त्याच्या वळ्या सुटतात आणि मळ त्यांच्याबरोबर निघतो. साबणाचे तसे नाही. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला, आणि तेलकट मळ पाण्याबरोबर वाहून जातो. थोडे चोळणे त्यालाही लागते, पण निम्मे काम रसायन करते. फरक पडला तो इथे.

हा बदल एका शब्दाच्या प्रवासात स्वच्छ दिसतो. पाटण्यात जन्मलेले शेख दीन मुहम्मद आयर्लंडमार्गे इंग्लंडला गेले आणि ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचे स्नानगृह काढले. तिथे ते जे करत त्याला ‘शॅम्पूइंग’ म्हणत. हा शब्द हिंदी ‘चाँपना’वरून, म्हणजे दाबणे-रगडणे यावरून गेलेला; पाय चेपणे हा आपला शब्दप्रयोग त्याच अर्थाचा. १८२२ मध्ये त्यांनी या उपचारावर पुस्तक लिहिले आणि चौथ्या जॉर्ज राजाचे अंगमर्दक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा शॅम्पू ही हाताने करायची क्रिया होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शब्द केस धुण्याकडे सरकला आणि पुढे बाटलीतल्या द्रवाचे नाव झाला. हमाम या शब्दाचेही तेच झाले. हमामखान्यात हातात खरखरीत पिशवी घालून अंग घासणारा माणूस हा त्या जागेचा कणा होता. १९३१ मध्ये टाटा ऑइल मिल्सने त्या नावाची साबणवडी बाजारात आणली. माणूस गेला, हात गेला, नाव वडीवर राहिले.

साबणाची कंपन्यांकडून होणारी विक्री इथे १८८८ च्या सनलाइटपासून वाढली. १८९५ मध्ये लाइफबॉय आला आणि पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. जंतूंची भीती खरी होती आणि कार्बोलिक साबणाचा आधारही खरा होता. १९३४ मध्ये लिव्हर कंपनीचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला. या काळातला वाद पाहण्यासारखा आहे: साबणात चरबी आहे की वनस्पती तेल? आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा ‘चावी’ साबण काढला, तो याच प्रश्नाचे स्वदेशी उत्तर म्हणून. उत्तर मोलाचे होते. पण प्रश्न आता पूर्णपणे पदार्थाचा झाला होता. त्यानंतर १९४१ मध्ये लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत झळकल्या, तेव्हा त्या जाहिरातीतून कांतीचे श्रेय वडीकडे गेले. वाग्भटाने ते चोळण्याला दिले होते. दिवाळीतसुद्धा टाटांचा मोती साबण उटण्याच्या शेजारी आला आणि अनेक घरांत त्याने उटण्याची जागाच घेतली.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. जुनी अंघोळ कोणाची होती? राजाला मर्दन करणारे हात दुसऱ्याचे होते. घरातल्या पुरुषांना तेल-उटणे लावायला पहाटे बायका उठत. तेल विकत घेणे परवडत नसलेल्या माणसाला राख, माती आणि नदीकाठचा दगड पुरत असे. आणि ज्यांना पाणवठ्यालाच हात लावू दिला जात नव्हता, ज्यांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या मागे चालावे लागले, त्यांना अभ्यंगाचे कौतुक कोणत्या तोंडाने सांगायचे? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. साबणाच्या स्वस्त वडीने माणसाला दुसऱ्याच्या हाताविना, थोड्या वेळात, एकट्याने स्वच्छ होण्याची मुभा दिली आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण त्या अन्यायाचे मूळ पाणी आणि श्रम यांच्या वाटपात होते. स्वतःचे अंग स्वतःच्या तळहाताने चोळायला नोकर लागत नाही.

आता शॉवर आणि बाटलीतला साबण घ्या. बादली-तांब्याच्या अंघोळीत माणूस पाटावर किंवा मोरीच्या दगडावर बसे. दोन तांबे घेतले की पाणी थांबे, आणि त्या थांबलेल्या वेळात चोळणे होई. बसल्यामुळे टाचा, घोटे, बोटांच्या बेचक्या हाताशी येत. वज्रीला अर्थ होता तो त्यामुळे. शॉवरखाली माणूस उभा असतो, पाणी अखंड पडते, लावलेला साबण चोळण्याआधीच वाहून जातो आणि पायांपर्यंत पोहोचतो तो वरून ओघळलेला फेस. पातळ साबण तर तळहातावर ठरतच नाही. म्हणून मग फेस धरून ठेवायला जाळीचा गोळा लागला. पदार्थाने हाकलून दिलेली घासणी पदार्थाच्याच गरजेपोटी परत आली.

ती परत आली याचा आनंद मानावा, तर त्वचेचे डॉक्टर सावध करतात, आणि ते योग्यच आहे. खरखरीत घासणीने रोज रगडल्याने खांद्यांवर, पाठीवर, हातांवर काळपट डाग पडतात. ओलसर राहिलेल्या घोसाळ्याच्या शिरेत स्यूडोमोनास जातीचे जीवाणू वाढतात. पण याने जुनी रीत खोटी ठरत नाही. त्या रीतीत घासण्याआधी तेल होते, घासायला मऊ पीठ होते, साधन बहुतेक वेळा हात होता, आणि वापरलेले पीठ दरवेळी मोरीतून वाहून जात असे. खरखरीत वज्री टाचांपुरतीच होती. आधीच साबणाने कोरड्या झालेल्या कातडीवर रोज नायलॉन फिरवणे ही त्या रीतीची नक्कल आहे, आणि वाईट नक्कल आहे.

तेव्हा साबण वडीचा घ्या की बाटलीतला, त्यावर फार डोके शिणवू नका. शॉवर मध्येच बंद करा, शक्य असेल तर बसा, फेस तळहातावर घ्या, पाठीसाठी मऊ पंचा वापरा आणि तो रोज उन्हात वाळवा. टाचा मात्र स्वतः हाताने घासा. तिथे ओघळलेला फेस पुरत नाही.