वीज, तार आणि लोकस्वर : पेरूची कुंबिया व भोर-वेल्ह्यातील बेंजो

भोर व वेल्हे या सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्यांच्या संगीताचा इतिहास लिहावयाचा झाल्यास अभ्यासकाची दृष्टी प्रथम जात्यावरील ओवीकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागापासून प्रारंभ करून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध केला. बेर्नार्द बेल यांनी त्यांपैकी हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. गिरणी आली, जाते थांबले. पण ओवी अभ्यासाच्या कक्षेत सुरक्षित राहिली. याच भागात लग्नाच्या वरातीत व जत्रेच्या छबिन्यापुढे वाजणाऱ्या बेंजोकडे मात्र अभ्यासकांचे तितके लक्ष गेलेले नाही. ज्या यंत्रयुगाने ओवीचा स्वर थांबविला, त्यानेच बेंजोचा स्वर वाढविला. मग एकीस परंपरा व दुसऱ्यास परंपरेचा ऱ्हास म्हणणे कितपत युक्त आहे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

या प्रश्नाच्या विचारास पेरू देशाचे उदाहरण उपकारक ठरते. लिमा शहराची लोकसंख्या १९४० साली सुमारे साडेसहा लाख होती; १९७२ साली ती तेहतीस लाखांवर गेली. ही वाढ मुख्यतः आन्दीज पर्वतातून आलेल्या स्थलांतरितांमुळे झाली. त्यांनी 'वाय्नो' या आपल्या डोंगरी गीतप्रकाराच्या चाली बरोबर आणल्या. कोलंबियातून आलेला कुंबियाचा ठेका व विजेची गिटार यांच्याशी त्या चालींचा संगम झाला. एन्रीके देल्गादो यांनी १९६६ साली 'लोस देस्तेयोस' हा वाद्यवृंद स्थापिला. स्वर मुद्दाम फाटका व दोलायमान करणारी उपकरणे गिटारीस जोडून त्यांनी जो नाद निर्माण केला, त्यास आज 'सायकेडेलिक कुंबिया' म्हणतात. अरण्यप्रदेशातील पुकाय्पा येथे 'हुआनेको इ सु कोम्बो' या वृंदाने हीच वाट चोखाळली. १९७७ साली विमान अपघातात त्याचे पाच वादक मृत्यू पावले. पुढे १९८१ साली स्थापन झालेल्या 'लोस शापीस' या वृंदाने वाय्नोवर आधारलेल्या गीताने अफाट लोकप्रियता मिळविली. या संगीतास मक्याच्या मद्यावरून 'चिचा' हे नाव पडले, आणि लिमातील प्रतिष्ठित वर्गाने ते दीर्घकाळ हेटाळणीच्याच सुरात उच्चारले.

आता बेंजोकडे वळू. नाव पाश्चात्त्य वाद्याचे असले, तरी आपले वाद्य निराळ्या कुळातील आहे. जपानमधील नागोया येथे १९१२ साली 'ताइशोगोतो' हे टंकलेखनयंत्रासारख्या कळांचे तंतुवाद्य निर्माण झाले. तेच भारतात 'बुलबुल तरंग' या नावाने रूढ झाले. पुढे त्यास पिकअप बसवून ते ध्वनिवर्धकास जोडण्यात आले, आणि ढोल-ताशांच्या गजरातही ऐकू जाईल असा तारेचा स्वर मिरवणुकीस लाभला. कोळीगीत, लावणी, देवीची गाणी, भीमगीते, चित्रपटगीते यांतले काहीच बेंजोस परके नाही. उपजीविकेसाठी मुंबई-पुण्यास गेलेला माणूस जत्रेस गावी परततो, तेव्हा शहराचा नाद व गावची चाल एकाच तारेवर भेटतात.

साम्य येथपर्यंत. यापुढे जो भेद आहे, तो इतिहासकाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. लिमातील वादकांस 'इन्फोपेसा'सारख्या ध्वनिमुद्रिका कंपन्या लाभल्या. त्यामुळे उपेक्षेच्या काळातही वादकाचे नाव, वर्ष आणि प्रत्यक्ष स्वर तबकडीवर टिकून राहिले. २००७ साली न्यूयॉर्कच्या बार्बेस या संस्थेने जुन्या मुद्रिकांचे संकलन काढले, तेव्हा जगाला या संगीताचा नव्याने परिचय झाला. हा शोध शक्य झाला, कारण शोधण्याजोगे काही शिल्लक होते. बेंजोवादन मुख्यतः मिरवणुकीचे. मिरवणूक संपली की ते हवेत विरते. त्याचा इतिहास वादकाच्या बोटांत व श्रोत्याच्या स्मरणात आहे, आणि दोहोंसही वयाची मर्यादा आहे.

परकीय वाद्य, उसना ठेका व विजेचा कर्कश स्वर ही अशुद्धतेची लक्षणे मानल्यास चिचा व बेंजो दोन्ही लोकसंगीतातून बाद होतील. परंतु मग त्या काळी लोक प्रत्यक्षात काय ऐकत होते, या प्रश्नास इतिहासाजवळ उत्तर उरणार नाही. म्हणून ओव्यांच्या संग्रहाने घालून दिलेली शिस्त, म्हणजे गाव, व्यक्ती, प्रसंग व स्वर यांची एकत्र नोंद, बेंजोसही लागू करणे अगत्याचे आहे. भोर-वेल्ह्याच्या गावांत वृद्ध वादकांच्या मुलाखती घेणे, वाद्याची दुरुस्ती व जुळणी करणाऱ्या कारागिरांची माहिती टिपणे आणि लग्नसमारंभांच्या घरगुती ध्वनिफिती मिळविणे, ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत. जाते थांबण्याच्या बेतात असता ओवी टिपली गेली. बेंजोच्या बाबतीत ती वेळ अद्याप टळलेली नाही, एवढेच समाधान.