घरी बीअर आंबवायची तर भांडं कोणतं? बादली, काच की स्टील

खरं तर आज मी मोबाईलला जोडणाऱ्या हायड्रोमीटरवर लिहिणार होतो. पण ज्या भांड्यात तो तरंगणार, तेच चुकलं तर स्क्रीनवर कितीही छान ग्राफ दिसला तरी बीअर मोरीत जाते. म्हणून आधी भांडं.

एक गोष्ट क्लिअर करतो. मी अमेरिकेत, ओहायोत राहतो. इथे १९७८ च्या केंद्रीय कायद्याने एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे साधारण ३८० लिटर बीअर स्वतःपुरती बनवता येते. विकता येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे हा प्रयोग नको. कोम्बुचा किंवा कांजी करणाऱ्यांना मात्र यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

गॅस किती होतो, ते आधी बघा

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. घरगुती बॅच सहसा १९ लिटरची (५ गॅलन) असते. बीअर ५ टक्के अल्कोहोलची धरली, तर हिशोबाने जवळजवळ ४०० लिटर गॅस निघतो! घट्ट बंद भांडं म्हणजे सरळ बॉम्ब. म्हणून झाकणाला एअरलॉक लावतात. त्यातल्या पाण्यातून गॅस बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस वर जाड फेस चढतो. त्यामुळे १९ लिटरसाठी भांडं २३ ते २५ लिटरचं हवं. मी पहिल्यांदा १९ लिटरच्याच काचेच्या कार्बॉयमध्ये काठोकाठ भरलं होतं. फेसाने एअरलॉक तुंबला आणि रात्री दोन वाजता बेसमेंटमधून फट्ट आवाज! बूच उडालं, छत चिकट झालं. पण बूच उडालं म्हणूनच काच वाचली.

वाचली ती चारच दिवस. बीअर काढून झाल्यावर थंडगार कार्बॉयमध्ये गरम पाणी ओतलं, तळ तडकला आणि माझ्या तळहाताला चार टाके पडले. काचेला ओरखडे पडत नाहीत, तिच्यातून ऑक्सिजन आत शिरत नाही, हे सगळं खरं. पण भरलेला कार्बॉय २५ किलोच्या आसपास जातो आणि ओल्या हातातून सटकतो. मी परत घेतला नाही.

मग मी काय वापरतो?

झाकणाची साधी एचडीपीई प्लास्टिकची बादली. स्वस्त, हलकी, आणि तोंड मोठं असल्याने हात आत घालून धुता येते. फक्त घासणी लावायची नाही, मऊ कापडच. बारीक ओरखड्यांत बॅक्टेरिया लपतात, तिथे सॅनिटायझर नीट पोचत नाही आणि पुढची बॅच आंबट होते. ओरखडे दिसले की बादली बदला.

बादलीच्या तळाला त्रिकोणात २ आकडा असतो. बरेच जण तो बघून "फूड ग्रेड आहे" म्हणतात. चूक! तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. रंगाची जुनी बादलीसुद्धा २ नंबरचीच असू शकते. पेला-काट्याचं चिन्ह किंवा "फूड ग्रेड" असं स्पष्ट लिहिलेलं शोधा. बादलीतून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या बीअरला ती चालते, महिनोन्महिने ठेवायला नाही.

पारदर्शक पेट किंवा काच घेतलीच, तर वर काळा टी-शर्ट चढवा. उजेडाने हॉप्समधले घटक बदलतात आणि अमेरिकन स्कंक या प्राण्यासारखा वास येतो. उन्हात तर काही मिनिटंच पुरतात.

स्टील सगळ्यांत टिकाऊ, पण महाग. आणि आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचं म्हणजे त्यातून ब्लूटूथ नीट येत नाही. टिल्टसारखा तरंगता हायड्रोमीटर बादलीत असेल तर रेंज बरी मिळते. स्टीलमध्ये मला फोन अगदी भांड्याजवळ न्यावा लागतो.

आणि हो, बादलीच्या एअरलॉकमध्ये बुडबुडे दिसले नाहीत तर घाबरून यीस्ट परत टाकू नका. झाकण हलकेच दाबा. एअरलॉकमधलं पाणी हललंच नाही, तर गॅस झाकणाच्या कडेने निसटतोय. अशा वेळी बुडबुडे मोजण्यापेक्षा ग्रॅव्हिटीचं रीडिंग बघा. ते उतरत असेल तर आत काम चालू आहे.